ओकुइझुमोच्या डोंगरातून मित्रास पत्र

ओकुइझुमो, शिमाने प्रांत
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र दिवाळीआधीच मिळालं होतं. घाईत दोन ओळी खरडण्यापेक्षा सवडीनं लिहावं म्हणून थांबलो. आता तुमची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागली असेल. घरी सगळे बरे असतील. वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग.

तू दोन गोष्टी विचारल्यास. मी इथे दिवसभर नेमकं करतो काय, ही एक. दुसरी तुझ्या जिव्हाळ्याची: पाटणच्या डोंगरातल्या तुझ्या शाळेचा पट घसरलाय, लहान शाळा मिटवून एक मोठी समूह शाळा करायचा विषय मधूनमधून निघतो, तर अशा शाळांचं जपानमध्ये काय करतात. पहिल्याचं उत्तर देता देता दुसऱ्याकडे येतो, कारण माझे दिवस अशाच शाळांत जातात.

मी आलो तो जेट प्रोग्रॅममधून. १९८७ पासून जपान सरकार परदेशांतून तरुण पदवीधर बोलावतं आणि त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून शाळांत पाठवतं. आम्हाला इथे एएलटी म्हणतात. करार वर्षाचा, वाढवत गेलं तर जास्तीत जास्त ५ वर्षांचा. मी गावच्या शिक्षण मंडळाचा नोकर. एक माध्यमिक शाळा आणि काही प्राथमिक शाळा माझ्याकडे आहेत, वार ठरलेले. वर्ग माझ्या नावावर नसतो. प्राथमिकला वर्गशिक्षक शिकवतात, माध्यमिकला इंग्रजीचे शिक्षक, आणि मी त्यांच्या सोबतीला उभा.

गाव म्हणजे एका जागी नाही. निता आणि योकोता अशी दोन गावं २००५ साली जोडून हे ओकुइझुमो झालं. हिरोशिमाच्या सीमेला लागून डोंगर, मध्ये भातखाचरं, वरच्या अंगाला सोब्याची, म्हणजे कुट्टूची शेतं. नदीच्या वाळूतलं लोखंड गाळायची इथली भट्टी, तातारा म्हणतात तिला, अजून दर हिवाळ्यात पेटते आणि तिच्यातलं पोलाद जपानभरच्या तलवार घडवणाऱ्या कारागिरांकडे जातं. किसुकी लाइनची गाडी एका ठिकाणी चढ चढायला दोनदा दिशा बदलते, पूर्वी खंडाळ्याला रिव्हर्सिंग स्टेशन होतं त्याच पद्धतीनं. तू एकदा ये, आपण त्या गाडीनं जाऊ.

सकाळी मुलं रांगेनं चालत येतात. सहावीतलं मूल पुढे, पहिलीतली मध्ये, दप्तराला अस्वलासाठी घंटी बांधलेली. या डोंगरांत अस्वलं खरोखर आहेत, त्यामुळे शरदात त्या घंटीकडे शिक्षकही लक्ष देऊन बघतात. वळणावर गावातले आजोबा-आजी पिवळा झेंडा घेऊन उभे असतात, पावसात, बर्फातही. पगार नाही, सक्ती नाही. दारात बाहेरचे बूट काढून आतले घालायचे, शिक्षक खोलीत मोठ्यानं नमस्कार करायचा आणि फळ्यावरचं दिवसाचं वेळापत्रक वाचायचं. तास कसा घ्यायचा हे कित्येकदा वर्गाकडे जाताना जिन्यातच ठरतं, कारण वर्गशिक्षकांना दुसरी सवडच नसते.

आता तुला आवडेल ते सांगतो. माझ्या एका शाळेत तिसरी-चौथी एका खोलीत बसते. इथला नियम असा, की दोन इयत्ता मिळून १६ पर्यंत मुलं असली तर एकच वर्ग करायचा. त्यात पहिली असेल तर ही मर्यादा ८. तुझ्या बहुवर्ग अध्यापनासारखंच, पण त्याची घडी यांनी फार विचारानं बसवली आहे. गणिताच्या तासाला खोलीत दोन फळे, एक पुढे आणि एक मागे. तिसरीची तोंडं इकडे, चौथीची तिकडे. शिक्षक एका बाजूला नवा भाग शिकवतात तेव्हा दुसऱ्या बाजूला सराव चालू असतो. मग बाजू बदलायची. दोन्हीकडे नवा भाग एकाच वेळी येऊ नये म्हणून तासाचे टप्पे मुद्दाम पुढे-मागे सरकवलेले असतात. शिक्षक पलीकडे असताना इकडची सूत्रं एका मुलाकडे. तो उठतो, उदाहरण वाचतो, "कुणाला वेगळं उत्तर आलं?" असं विचारतो, उत्तर आलेल्याला फळ्याशी बोलावतो. हा मान आळीपाळीनं प्रत्येकाला मिळतो, बुजऱ्या मुलालासुद्धा. इंग्रजी मात्र दोन्ही इयत्ता एकत्र शिकतात: एक वर्ष तिसरीचं पुस्तक, पुढचं वर्ष चौथीचं. या वर्गात मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तुझीच आठवण झाली. तू एकटा चार इयत्ता सांभाळतोस, त्या कौशल्याला आपल्याकडे कुणी नीट नाव दिलं नाही. इथे त्यावर शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका असतात.

तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास इंग्रजी, खेळ आणि बोलणं एवढंच, परीक्षा नाही. पाचवी-सहावीला २०२० पासून तो रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास. तिसरीच्या पुस्तकात आकडे विसापर्यंतच आहेत. पण ओकुइझुमो सोरोबानचं, म्हणजे मण्यांच्या गणकयंत्राचं गाव. शेजारच्या घरात कुणी ना कुणी ते बनवणारं असतं किंवा होतं, आणि तिसरी-चौथीला गणितातही ते शिकवतात. जपानी लोकांत एक समजूत पक्की आहे, की भारतातल्या प्रत्येक मुलाला १९ गुणिले १९ पर्यंत पाठ असतं. एका मुलीनं मला ते खरं का म्हणून विचारलं. मी सांगितलं, आमच्या लहानपणी पाढे तिसापर्यंत होते, आणि सतराचा पाढा आपल्या चालीत म्हणून दाखवला. वर्ग स्तब्ध. मग सगळ्यांनी आपापले सोरोबान काढले आणि माझी परीक्षा सुरू झाली. त्यांनी इंग्रजीत गुणाकार विचारायचा, मी उत्तर सांगायचं, त्यांनी मणी सरकवून ताडून बघायचं. "सेव्हन्टीन, नाइन!" मी म्हणायचो, "वन हंड्रेड फिफ्टी-थ्री." तासाच्या शेवटी विसाच्या पुढचे, शंभराच्या पुढचे आकडे मुलं स्वतःहून मागत होती. वर्गशिक्षिकेनं योजलेला तास तिनं हसत बाजूला ठेवला, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

माझं काम काय, ते मला त्या खोलीत कळलं. उच्चार टॅब्लेटही ऐकवतो. इथे प्रत्येक मुलाला सरकारनं यंत्र दिलंय. पण मुलाला काही सांगायचंय, विचारायचंय आणि समोरच्या माणसाशी इंग्रजीशिवाय चालणार नाही, ही स्थिती यंत्र आणत नाही. ती मी आणतो. म्हणून मुलांशी मी जपानी कमी बोलतो, आणि ती विचार करत गप्प राहिली तर त्यांच्या गप्पपणात घुसत नाही.

मधल्या सुट्टीत डबा नाही. जेवण गावच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गाडीनं येतं: भात, सूप, भाजी, मासा किंवा मांस आणि २०० मिलिलीटर दूध. पाळीची मुलं पांढरे झगे, टोप्या, मुखपट्टी घालून वाढतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापक जेवून बघतात, अन्न ठीक आहे ना याची ती तपासणी. महिन्याचा तक्ता आधीच हाती येतो. मी गाय आणि डुक्कर खात नाही, त्या दिवसांवर खूण करून घरून काही नेतो. आहारतज्ज्ञ बाईंनी ते इतक्या सहज मान्य केलं, की मला वेगळेपण जाणवलं नाही. सध्या नवा तांदूळ आलाय. इथल्या निता भागातला तांदूळ जपानभर नावाजलेला, आणि तो कुणाच्या शेतातला हे मुलांना ठाऊक असतं. कधीकधी शेतकरी स्वतः येऊन त्यांच्यासोबत जेवतो. आपल्या शालेय पोषण आहारात हे करण्यासारखं आहे बघ. तुझ्या गावातली नाचणी पिकवणारी माणसं एकदा पंगतीला बसव.

जेवणानंतर झाडलोट. सहाही इयत्तांच्या मिश्र तुकड्या, सगळे फडकी घेऊन गुडघ्यांवर, शिक्षक आणि मुख्याध्यापकही. तुझी मुलंही शाळा झाडतात, कारण शिपायाचं पद नाही. पण आपल्या दोघांच्याही शाळेत गुरुजी खुर्चीवर बसून सांगायचे, आणि संडास साफ करायला कुणाला पाठवायचे तेही आपण पाहिलंय. इथे संडासाची पाळी सगळ्यांना येते. हे मला फार मोलाचं वाटतं.

माध्यमिकची हवा वेगळी. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी उच्च माध्यमिकची प्रवेश परीक्षा, तिचं सावट सगळीकडे. मी उतारे वाचून दाखवतो, एइकेन या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी भागाची तयारी करून घेतो, वह्या तपासतो. वह्यांतच मला मुलं भेटतात. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेल्या एका मुलानं चार ओळी लिहिल्या होत्या: आजोबा शिताके आळिंबी पिकवतात, ओंडक्यांना भोकं पाडून त्यात बी घालतात, मी लाकडं वाहतो, माझे खांदे दुखतात. मी खाली प्रश्न लिहिला, लाकूड कुठलं? पुढच्या आठवड्यात उत्तर, चित्रासकट. तेव्हापासून ती वही आमच्यात फिरते आहे. त्याचं व्याकरण मी फारसं लाल करत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांचं मत थोडं वेगळं आहे, मुलांना परीक्षेला बसवायचं काम त्यांचं आहे आणि त्यांचंही खरं आहे. आम्ही मिळून ठरवलं: लाल शाईचं काम त्यांच्या तासात, वही माझ्याकडे.

आता तुझा दुसरा प्रश्न. इथेही शाळा बंद होतात, भराभर होतात, कारण मुलंच जन्मत नाहीत. २०१५ मध्ये शिक्षण मंत्रालयानं मार्गदर्शिका काढली, शाळा घरापासून किती लांब चालेल याची: प्राथमिकसाठी ४ किलोमीटर, माध्यमिकसाठी ६, आणि बसनं जायचं असेल तर साधारण तासाभराच्या आत. बस नगरपालिका देते आणि ती वेळेवर येते. आपल्याकडच्या घाटात पावसाळ्यात ती कशी येणार, हा तुझा मुद्दा मला पूर्ण पटतो. आणि सगळेच पालक विलीनीकरणाच्या विरोधात नसतात. "माझ्या मुलाला वर्गात एकच सोबती, तोही सहा वर्षं तोच," असं एका आईनं मला सांगितलं. तिच्या तळमळीला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण शाळा आहे तोवर ती कमी दर्जाची मानत नाहीत, हे तू तुमच्या बैठकीत जरूर सांग. दुर्गम भागातल्या शिक्षणासाठी यांनी १९५४ सालीच कायदा केला, तिथल्या शिक्षकांना वेगळा भत्ता ठेवला. आपल्याकडे बदल्यांपुरतं 'अवघड क्षेत्र' आहे, शिकवण्याचा विचार त्यात कुठे आहे? होक्काइदोच्या शिक्षण विद्यापीठात लहान आणि दुर्गम शाळांच्या अध्यापनावर संशोधन करणारं केंद्र आहे. शेजारच्या लहान शाळा यंत्रावरून एकत्र तास घेतात, सहली एकत्र काढतात, म्हणजे मुलांना नवे चेहरे मिळतात आणि गावातली शाळा गावात राहते. मला विचारशील तर तुझ्या शाळेनं आधी हे करून बघावं. पटाचा आकडा एका कागदावर येतो. तुझ्या चौथीतलं पोर पहिलीतल्याला वाचायला शिकवतं, ते कुठल्या कागदावर येत नाही. तू ते लिहून ठेव, तारखेसकट, आणि बैठकीत वाचून दाखव.

त्यातूनच एक सुचलंय. तुझी मुलं आणि माझी तिसरी-चौथी यांची भेट घडवू. आपल्यात साडेतीन तासांचा फरक. तुझी शाळा साडेदहाला भरते तेव्हा इथे दुपारचे दोन, पाचवा तास चालू असतो. वीस मिनिटं पुरे. तुझ्या मुलांनी पाढा म्हणायचा, यांनी सोरोबानवर ताडायचा, आणि मग एकमेकांना गावातलं काहीतरी दाखवायचं. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही, त्यामुळे इंग्रजी आपोआप लागेल. वर्गशिक्षिकेला मी विचारलंय, ती तयार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी या आठवड्यात मिळेल.

तिकडे नेटवर्क कुठे येतं, देवळापाशी की अजून टेकडीवरच? मोबाइलवर भागेल का, की तालुक्याहून प्रोजेक्टर मिळेल? इथे हिवाळ्याची सुट्टी २५ डिसेंबरच्या सुमारास लागते, म्हणून त्याआधीचा एखादा मंगळवार बघ. शनिवार चालणार नाही, इथे शाळा नसते. मुलांची नावं देवनागरीत आणि रोमन लिपीत लिहून आधी पाठव, इकडची मुलं पाट्या करून ठेवणार आहेत. मीही करार पुढच्या वर्षासाठी वाढवायचा म्हणतोय, तेव्हा यंदा नीट जमलं तर दर महिन्याला करता येईल.

मंगळवार कुठला ते कळव.

तुझाच,
होस्टेलचा सोबती