कुलवृत्तांतात न सापडलेली आत्या

महोदय,

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत वडिलांच्या कपाटात होता, तो आता माझ्याकडे आहे. कोकणातून कोण कधी घाटावर आलं, पोस्टात हेडक्लार्क कोण होतं, दत्तक कोण गेलं, सगळं त्यात सापडतं. थोरल्या आत्याच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली आहे : नाव, सासरचं आडनाव आणि 'सातारा'. ती पंचेचाळिशीत कशाने गेली, याचा पत्ता नाही. घरात विचारलं की 'पोटात पाणी झालं होतं', एवढंच.

मला २००५ साली, ४१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. केसपेपर भरताना विचारलं गेलं, "आईकडे कुणाला?" आई, मावश्या, आजी सगळ्या ठणठणीत. "नाही," म्हटलं आणि लेखणी पुढच्या रकान्यात गेली. वडिलांकडचं कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. गाठीच्या रिपोर्टात तीनही रिसेप्टर (औषधं ठरवण्यासाठी गाठीच्या पेशींवर शोधतात त्या तीन खुणा) निगेटिव्ह आले होते. निगेटिव्ह म्हणजे चांगलंच, अशी माझी समजूत. पाच वर्षं हार्मोन रोखणारी गोळी घ्यायची कटकट वाचली म्हणून मी खूशच झाले होते.

ऑपरेशन, केमो, रेडिएशन पार पडलं. त्यानंतर दर वर्षी फॉलोअपला जाते. दोन तास बाकावर, दोन मिनिटं आत. मॅमोग्राफी बघतात, "मजेत ना काकू?" विचारतात. गेल्या वर्षी नेहमीचे डॉक्टर रजेवर होते म्हणून त्यांच्या जागी बसलेल्या एका तरुण मुलीने माझी जुनी फाइल शांतपणे चाळली. वय ४१ आणि ते तीन निगेटिव्ह बघून ती थांबली. "तुम्हाला जेनेटिक कौन्सेलिंगला कुणी पाठवलं नाही का?" मी हा शब्द पहिल्यांदा ऐकत होते. आजार घराण्यातून आलाय का, हे तपासून समजावून सांगतात ते.

समुपदेशक बाईंनी तासभर घेतला. सुई नाही, मशीन नाही; कोरा कागद आणि पेन्सिल. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कर्करोग झालेल्याचं चिन्ह काळं करायचं. माझ्या गोलाला एक बाण. वडिलांकडची बाजू विचारली तेव्हा मी तिथूनच साताऱ्याला आतेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "आईला ओव्हरीचा होता. आणि ताईची छातीची गाठ अडतिसाव्या वर्षी मुंबईत काढली. तुम्हाला कळवलं नव्हतं, घरात लग्न होतं." दोन गोल काळे झाले. मधे माझ्या वडिलांचा चौकोन, त्याच्यावर नुसती रेघ. ब्याऐंशीव्या वर्षी पर्वतीच्या पायऱ्या चढणारा माणूस! सदोष जनुक पुरुषाकडूनही तितकंच उतरतं, त्याला स्वतःला काही झालेलं नसलं तरी, हे मला त्या कागदावर समजलं.

मग रक्त दिलं. काही आठवड्यांनी निकाल आला : बीआरसीए-१ या जनुकात दोष. त्याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे जनुक १९९४ साली हाती लागलं आणि त्याचं भावंड बीआरसीए-२ पुढच्याच वर्षी. स्तनाच्या शंभर कर्करोगांत असे वारशाने आलेले पाच ते दहाच असतात, तेव्हा प्रत्येकीने घाबरून पळत सुटायचं कारण नाही. पण कमी वयात झालेला, दोन्ही स्तनांत झालेला, तिन्ही निगेटिव्ह असलेला किंवा घरात कुणाला अंडाशयाचा झालेला असेल, तर जाऊन विचारावं. वीस वर्षं झाली असली तरी. तपासणीची सुरुवात आजार झालेल्या व्यक्तीपासूनच करणं चांगलं. निरोगी मुलीचं रक्त आधी तपासून 'काही नाही' आलं, तर त्यावरून घराण्यात दोष नाही असं ठरत नाही. आणि 'बदल आहे, पण अर्थ सांगता येत नाही' असाही निकाल येतो. अशा निकालावर कुणी ऑपरेशन उरकून घेऊ नये. यासाठीच नुसती लॅब पुरत नाही, समजावणारं माणूस लागतं.

"आता साठीत कशाला?" असं मला शेजारणींनीही विचारलं. छातीचं संपलं म्हणजे सगळं संपलं, असं मीही धरून चालले होते. पण माझ्यासारखीला अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका शंभरात चाळीस किंवा त्याहूनही जास्त. इतर बायकांत तो एक-दीड. तो लवकर पकडायला सोनोग्राफीवर विसंबता येत नाही. तेव्हा दिवाळीनंतर मी दुर्बिणीने अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून घेतल्या. तिसऱ्या दिवशी चहा माझा मी केला.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगाची वेगळी ओपीडी आहे, पुण्यातही ही सोय मिळते. तपासणीचा खर्च हजारांत आहे, लाखांत नाही. माझी मागणी साधी आहे : रुग्णालयांनी जुन्या फायली काढाव्यात आणि बऱ्या झालेल्या बायकांना बोलवावं. आणि केसपेपरवर 'वडिलांकडे' असाही रकाना असावा.

माझ्या मुलामुलीत हा दोष उतरलेला असण्याची प्रत्येकी निम्मी शक्यता. मुलाने लगेच रक्त दिलं, मुलगी म्हणते थोडं थांबू, तिची मर्जी. भावाला मी तो कागद दाखवला. त्याने चष्मा लावून बघितला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "हे आत्ता बाहेर काढू नकोस." भाचीसाठी स्थळं बघणं सुरू आहे. म्हणून संपादक महाशय, कृपया माझं नाव छापू नये.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे