कॉर्नवॉलिसची शरणागती आणि रँडॉल्फांचे स्वयंपाकघर

ती. आई व ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ऑक्टोबरात तुम्ही इकडे आलात की तुम्हाला व्हर्जिनियातील जुनी गावे दाखवायची असे आम्ही ठरवले आहे. आम्ही नुकतेच तिकडे जाऊन आलो. तिथे काय पाहण्यासारखे आहे आणि काय वगळले तरी चालेल, याची तुम्हाला आधी कल्पना असावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जेम्सटाउनला फार वेळ देऊ नये असे माझे मत आहे. इंग्रजांची अमेरिकेतील पहिली टिकलेली वसाहत १६०७ साली तिथे झाली. तिथला किल्ला नदीने गिळला असे लोक अनेक वर्षे समजत होते. १९९४ पासून झालेल्या उत्खननात त्याच्या कुंपणाच्या खुणा सापडल्या. १६०९-१०च्या हिवाळ्यात या वसाहतीतील बहुतेक माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. वाचलेल्यांचे पुढे बस्तान बसले ते तंबाखूच्या पिकावर. बाबा, हा तंबाखू पोर्तुगीजांच्या हातून आपल्या दख्खनेत मात्र त्याआधीच पोचला होता आणि अकबराच्या वकिलाने तो विजापुराहून बादशहासाठी नेला होता.

विल्यम्सबर्गला मात्र पूर्ण दिवस हवा. १६९९ ते १७८० या काळात ही व्हर्जिनियाची राजधानी होती. राजधानी रिचमंडला गेल्यावर गाव मागे पडले. १९२६ पासून अमेरिकन धनिक रॉकफेलर यांच्या पैशातून त्याचा जीर्णोद्धार सुरू झाला. आज दिसणाऱ्या इमारतींपैकी ऐंशीहून अधिक मूळच्या आहेत आणि बाकीच्या जुन्या पायांवर पुन्हा उभारलेल्या आहेत. गाव जरा जास्तच स्वच्छ आणि रंगवलेले वाटते, आणि गव्हर्नरचा वाडा पाहताना तर आपण एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात उगाच ताटकळत आहोत असे मला वाटत राहिले. पण कारागिरांच्या दुकानांत शिरल्यावर हा आक्षेप गळून पडतो, कारण तिथली माणसे नुसता देखावा करीत नाहीत, ती खरोखर काम करतात. लोहार भाता मारून खिळे आणि बिजागऱ्या घडवतो. छापखान्यात अक्षरांचे खिळे एकेक जुळवून, कातडी गोळ्यांनी शाई लावून कागद दाबला जातो. पिंपे करणारा कारागीर लाकडाच्या फळ्या उष्णतेने वाकवून त्यांना कडी चढवतो. अशा मोठ्या पिंपांत तंबाखू ठासून इंग्लंडला पाठवीत, आणि भरलेल्या एका पिंपाचे वजन हजार पौंडांच्या आसपास जाई. आई, कापडाच्या दुकानात तुला नक्की थांबावेसे वाटेल. कोरोमंडल किनाऱ्यावरची छापील आणि रंगवलेली सुती कापडे लंडनमार्गे इथवर येत असत, आणि तिथे मांडलेल्या नमुन्यांवरची वेलबुट्टी तुझ्या ओळखीची निघेल.

मला सर्वांत अधिक वेळ घालवावासा वाटला तो पेटन रँडॉल्फ यांच्या घरी. १७७४ साली वसाहतींची जी पहिली परिषद फिलाडेल्फियात भरली, तिचे हे पहिले अध्यक्ष. त्यांच्या या घरी २७ माणसे गुलाम म्हणून राबत होती. आग आणि उष्णता यांच्या भीतीने स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळे ठेवलेले असे. तिथल्या मोठ्या चुलीपुढे दिवसभर उभे राहून बेटी नावाची स्वयंपाकीण रांधत असे आणि ते जेवण नंतर मालकांच्या टेबलावर जाई. त्याच घरातील ईव्ह नावाची स्त्री अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात इंग्रजांकडे पळून गेली, कारण बंडखोर मालकांच्या जे गुलाम इंग्रजांच्या बाजूने लढतील त्यांना मुक्त करू, असे इंग्रज गव्हर्नर डनमोरने १७७५ मध्ये जाहीर केले होते. ती पुढे त्या घराच्या ताब्यात परत आली, आणि रँडॉल्फ यांच्या पत्नीने तिला विकून टाकले; तिचे वागणे चांगले नाही म्हणून विकावे लागले, असे तिने १७८२ मध्ये मृत्युपत्राला जोड लावून लिहून ठेवले. स्वातंत्र्याच्या परिषदेचे अध्यक्षपद आणि हे स्वयंपाकघर यांच्यात एका अंगणाचे अंतर आहे. क्रांतीच्या सुमारास या गावातील निम्म्याहून अधिक वस्ती आफ्रिकी वंशाच्या लोकांची होती, तरी त्यांचे जिणे दाखवण्याकडे हे जुने गाव चालवणाऱ्या संस्थेने १९७०च्या दशकाच्या अखेरीस कुठे नीट लक्ष दिले. आता मात्र तिथले मार्गदर्शक ही हकिकत आडपडदा न ठेवता सांगतात. माझ्या मते तिकिटाचे खरे मोल इथेच वसूल होते.

यॉर्कटाउन बाबांसाठी. वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाम्बो यांनी जमिनीवरून वेढा दिला, फ्रेंच आरमाराने समुद्राकडून सुटकेची वाट बंद केली, आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. आजारी असल्याचे सांगून कॉर्नवॉलिसने स्वतः न येता आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला पुढे केले. शरणागतीच्या त्या मैदानावर उभी असताना मला वडगाव आठवले, कारण जेमतेम पावणेतीन वर्षे आधी, जानेवारी १७७९ मध्ये, मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला मराठ्यांनी तिथे गाठून तह करायला लावले होते. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या बाजूने लढल्या. तटबंदीजवळच्या फलकांवर याचा उल्लेख मला दिसला नाही, म्हणून ही बाजू मुलांना तुम्हीच सांगावी.

बाबांच्या गुडघ्यांची काळजी करू नये. विल्यम्सबर्गचा मुख्य रस्ता दिवसा मोटारींना बंद असतो, बसायला बाके पुष्कळ आहेत, आणि तिकीट घेतलेल्यांसाठी गावाभोवती बस फिरते. यॉर्कटाउनला दर वर्षी १९ ऑक्टोबरला विजयदिन साजरा होतो, तेव्हा शक्यतो त्याच्या चार दिवस आधीचे विमान पाहावे. तारखा ठरल्या की लगेच कळवावे, म्हणजे आम्हाला विल्यम्सबर्गजवळच्या खोल्या वेळेवर घेता येतील.

तुमची,
मीनल