त्या एका प्रश्नासाठी

प्रिय डॉक्टर मॅडम,

"दुखतं ते संबंधाच्या वेळी, की नंतर?" असं तुम्ही विचारलंत, त्याबद्दल हे पत्र.

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पाळी किती दिवस, अंगावरून किती जातं, एवढं लिहून घेऊन गोळ्या मिळायच्या. एका ठिकाणी तर "मूल झालं की थांबेल" असं ऐकून परत आले होते. तुमच्यासमोरही मी आधी गप्पच बसले. पण तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि थांबलात. मग मला बोलता आलं. नंतर दुखतं, अर्ध्या-एक तासानं. ओटीपोटात पीळ पडतो, कंबरेत उतरतो, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो.

सोनोग्राफीत अ‍ॅडेनोमायोसिस निघालं. तुम्ही कागदावर गर्भपिशवीचं चित्र काढलंत. आतल्या अस्तरासारख्या पेशी तिच्या स्नायूंच्या भिंतीत शिरतात, भिंत जाड आणि हुळहुळी होते. खोलवर धक्का लागला की दुखावते. शिवाय सुखाच्या क्षणी गर्भाशय आकुंचन पावतं. एरवी ते जाणवतही नाही, पण अशा गर्भाशयात त्याची कळ होते. हे ऐकून मी रडले. ज्या रात्री मला सुख मिळायचं त्याच रात्री जास्त दुखायचं, आणि मी ती शिक्षा समजत होते, मॅडम.

पुढच्या वेळी तुम्ही नवऱ्यालाही आत बोलावलंत. तो तर मला जवळ घ्यायलाच घाबरायला लागला होता. किती खोल, किती जोरात हे तिच्या हातात राहील असं बघा, पाळीच्या तोंडावरचे दिवस टाळा, दुखलं की तिथंच थांबा, असं तुम्ही सरळ शब्दांत सांगितलंत. घरी येताना तो म्हणाला, "मला वाटायचं तुला मी नकोसा झालोय."

फिजिओथेरपीला पाठवलंत तेही बरं केलंत. दुखेल या भीतीनं ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मी कायम आवळून धरत होते. मी ते बळकट करायचे व्यायाम करत बसले होते. आधी सैल सोडायला शिकायचं होतं.

गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, रोजची डायनोजेस्ट नावाची हार्मोनची गोळी, आणि शेवटी पिशवी काढणं, सगळं तुम्ही समोर मांडलंत. "आज ठरवायची घाई नाही," म्हणालात. मूल हवंय, पण लगेच नाही, म्हणून मी गोळी निवडली. संबंधानंतर रक्त दिसलं तर ते याच आजाराचं समजून बसू नकोस, गर्भाशयमुखाची तपासणी करून घे, हेही लक्षात ठेवलंय.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण आता शेकलं की तासाभरात उतरतं, आणि त्या तासात नवरा शेजारी असतो.

पुढच्या तपासणीला माझी नणंद सोबत येतेय. काय होतंय ते तिनं मलाही सांगितलेलं नाही, तुमच्यासमोरच बोलेन म्हणाली. तिला जरा वेळ लागेल.

तुमची,
एक पेशंट