बाबांचा डावा हात

मन्या,

सात महिने झाले, तुझ्या दोन मेसेजना उत्तर नाही, शिव्या घाल. तब्येत बरी, पाठ नेहमीसारखी. आज लिहितोय कारण जे झालंय ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, त्यात काय एवढं.

ती जुनी स्केचबुकं, ज्यांच्यावर तू शाई सांडलीस, त्यांच्यावरून एचिंगची मालिका करतोय, धातूच्या प्लेटवर काढून कागदावर छापायची. आपली खोली, जिना, आई, मी, तुझं झोपलेलं ध्यानपण आहे (नाक आहे तसंच ठेवलंय). सहा प्लेटी नीट झाल्या. सातवी बाबांची. आठवतं ना ते स्केच, वही तिरकी, मनगट वरून वळवलेलं, करंगळीखाली शाई फासलेली. हलतील म्हणून पाच मिनिटांत काढलेलं, त्यामुळे खांद्याची रेघ तीनदा गेलीये आणि मला तीच हवी होती.

आता हस. ट्रेसिंग उलटं टाकून प्लेटवर उतरवायचं हे तूच शिकवलंस, आणि ट्रेस केलं की रेघ मरते म्हणून मीच तुझ्याशी चार दिवस अबोला धरला होता. बाबांच्या वेळी तोच माज केला, स्केच समोर ठेवलं आणि मेणाचं ग्राउंड लावलेल्या झिंकवर सुईने थेट काढलं. आणि जमलं रे! खांद्याची रेघ पुन्हा तीनदा गेली. पहिलं प्रूफ प्रेसवरून उचललं, चेहरा बघून रडूच आलं, बाकी काही बघितलंच नाही. दहाच्या एडिशनमधल्या आठ काढल्या, नंबर घातले, मग आईला दाखवलं.

बराच वेळ बघत होती. म्हणाली, "मास्तरांना छड्या मारून जमलं नाही ते तू केलंस बघ."

बाबा उजव्या हाताने लिहितायत, मन्या.

तू मला तो रेम्ब्राँटचा 1650 चा शंख दाखवून पिडायचास ना, सही सुलटी यावी म्हणून प्लेटवर उलटी कोरली पण शंख समोर दिसला तसाच काढला, म्हणून छापात त्याचा वेढा उलटा फिरला. मीपण तारीख न चुकता उलटी कोरलीये. रेम्ब्राँटसारखं तेवढंच जमलं.

पण शंखाला काय फरक पडतो? रात्री दोनदा प्रिंट आरशासमोर धरलं, तिथे ते बरोबर लिहीत होते. नवीन प्लेट करायची तर ट्रेस करायला लागणार, म्हणजे खांदा गेला. परवा आरशात स्केच बघून काढायला बसलो तर हात प्रत्येक रेघेला परवानगी मागत होता. आई म्हणते राहू दे, चेहरा त्यांचाच आहे. पण तिच्या खोलीत सहाच लावलेत तिने.

तुझं नवीन काम कसंय? पोरगी चित्रं काढते म्हणे, करू दे ट्रेस, मी काही बोलणार नाही. वहिनींना नमस्कार.

दोन प्रती राहिल्यात. कागद भिजवून प्लास्टिकमध्ये गुंडाळलाय, फार दिवस ठेवला तर बुरशी धरेल. त्याच्या आत सांग, काढू का प्लेटवर आडवी रेघ मारून ती बादच करून टाकू. आणि "मी सांगितलं होतं" असं लिहू नकोस. बरं, लिही, एकदाच.

तुझा,
उलट्या