डाउनलोड केलेली फाइल कुठे ठेवली, हे फोननेच सांगायला हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या पाहण्यात अँड्रॉइड फोन वापरणाऱ्यांची सर्वांत नित्याची तक्रार बॅटरीची किंवा नेटवर्कची नसते. ‘डाउनलोड तर झाले, पण फाइल गेली कुठे?’ ही ती तक्रार, आणि ती करणाऱ्यांत चांगले शिकलेसवरलेले, दिवसभर फोन हाताळणारे लोकही असतात. वयस्कर माणसांना हे जमायचे नाही, असे म्हणून हा प्रश्न सहज बाजूला सारला जातो, ते मला मुळीच मान्य नाही. फाइल न सापडण्यात वापरणाऱ्याचा दोष फार थोडा असतो, खरी अडचण फोनमधल्या रचनेची असते. ती रचना वाचकांना समजावी आणि ती सुधारण्याची मागणी जाहीरपणे मांडली जावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नेमके काय घडते ते पाहावे. परीक्षेचे प्रवेशपत्र, विम्याची पावती किंवा रक्ततपासणीचा अहवाल उतरवून घेण्यासाठी आपण बटण दाबतो. स्क्रीनच्या वरच्या कडेला खाली जाणारा एक बारीक बाण दिसतो, क्षणभर एक पट्टी झळकते आणि नाहीशी होते. त्याच वेळी सूचनांच्या यादीत जाहिराती, संदेश आणि बातम्या यांची गर्दी असते. ती एकदम साफ केली की ‘डाउनलोड पूर्ण झाले’ ही एकमेव उपयोगी सूचनाही तिच्याबरोबर जाते. मग माणूस पुन्हा त्या संकेतस्थळावर जातो आणि पुन्हा डाउनलोड करतो. अशा फोनमधला डाउनलोडचा फोल्डर उघडला, तर एकाच नावाच्या फाइली एकाखाली एक दिसतात, आणि नावापुढे कंसात 1, 2, 3 असे आकडे वाढत गेलेले असतात. बहुतेक वेळा पहिलीच फाइल व्यवस्थित उतरलेली असते. यात जागा वाया जाते हे खरे, पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे: कार्यालयाने दुरुस्त करून पुन्हा पाठवलेला अर्जही त्याच नावाने येऊन याच रांगेत बसतो, आणि घाईत जुनाच पुढे पाठवला जातो.

ब्राउझरमधून उतरवलेली फाइल सहसा फोनच्या अंतर्गत स्टोरेजमधील ‘डाउनलोड’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते. तिथपर्यंत पोहोचण्याचा दरवाजा मात्र प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळ्या नावाचा असतो. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘माय फाइल्स’, शाओमीच्या फोनमध्ये ‘फाइल मॅनेजर’, आणि गूगलचे ॲप असेल तर नुसते ‘फाइल्स’. त्यातही हे चिन्ह पहिल्या पडद्यावर क्वचितच असते. कधी ते कंपनीच्या इतर ॲपच्या गठ्ठ्यात दडलेले असते, तर कधी सर्व ॲपची यादी उघडून शोधावे लागते. अँड्रॉइडमध्ये डाउनलोडची यादी दाखवणारे स्वतंत्र ॲप 2010 मध्ये 2.3 या आवृत्तीबरोबर आले. गूगलने फाइली हाताळण्यासाठी स्वतःचे वेगळे ॲप आणले ते 2017 च्या अखेरीस, ‘फाइल्स गो’ या नावाने, आणि पुढच्याच वर्षी ते नाव बदलले. एवढ्या मूलभूत गोष्टीचे नाव आणि जागा सतत बदलत राहिली, तर लोकांनी सवय तरी कशाची लावून घ्यायची?

क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर बोट ठेवले की ‘डाउनलोड्स’ हा पर्याय येतो. त्या यादीत क्रोमने उतरवलेल्याच फाइली असतात, फोनमधल्या सगळ्या नव्हेत. पुष्कळांची अशी समजूत असते की ही फक्त यादी आहे, तिच्यातली नोंद पुसली तरी फाइल शाबूत राहील. तसे नाही, तिथून डिलीट केली की फाइलच जाते. याउलट, ब्राउझिंगचा इतिहास साफ केल्याने उतरवलेली फाइल जात नाही, आणि ‘इनकॉग्निटो’ म्हणजे खासगी टॅबमध्ये डाउनलोड केलेली फाइलही टॅब बंद केल्यावर फोनमध्येच राहते. फोन घरात किंवा कामाच्या ठिकाणी चार जणांच्या हातात जात असेल, तर हे लक्षात असलेले बरे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये फाइल कुठे साठवायची हे दर वेळी विचारण्याचा पर्याय आहे. ज्यांच्या फोनमध्ये मेमरी कार्ड आहे, त्यांनी तो जरूर सुरू करावा, कारण फाइल कार्डवर गेली आणि कार्ड काढून ठेवले, तर फोनमध्ये कितीही शोधले तरी ती मिळणार नाही.

खरा गोंधळ व्हॉट्सॲपचा आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आज कामाची कागदपत्रे ईमेलपेक्षा व्हॉट्सॲपवरच जास्त येतात. आलेल्या पीडीएफवर बोट ठेवले की ती उतरते आणि उघडते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ती आता ‘डाउनलोड’मध्ये असणार. ती तिथे नसते. व्हॉट्सॲप आपल्या फाइली स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. पूर्वी हा फोल्डर अंतर्गत स्टोरेज उघडताच ‘व्हॉट्सॲप’ या नावाने समोर दिसायचा. आता तिथे जायला आधी ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’, त्याच्या आत ‘व्हॉट्सॲप’, पुन्हा ‘मीडिया’ आणि शेवटी ‘व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स’ अशा पायऱ्या उतराव्या लागतात. फोटो आणि व्हिडिओ गॅलरीत आपोआप दिसतात म्हणून त्यांची तक्रार होत नाही, पण पीडीएफला गॅलरी नाही. त्यात फाइलचे नाव ‘डॉक’, मग तारखेचे आठ आकडे, मग ‘डब्ल्यूए’ आणि क्रमांक अशा थाटाचे असले, तर ती वीजबिलाची आहे की भाडेकराराची, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

ही जागा बदलण्यामागे कारण आहे, आणि ते कारण योग्यही आहे. पूर्वी एखाद्या ॲपला स्टोरेजची परवानगी दिली, की ते ॲप त्या सामायिक जागेतील सगळ्यांच्या फाइली वाचू शकत असे. एखाद्या टॉर्चच्या ॲपने आपल्या कागदपत्रांत डोकावावे, असा काही प्रकार नको होता. म्हणून 2019 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10 मध्ये प्रत्येक ॲपला आपापल्या कक्षेत राहायला लावणारी नवी व्यवस्था सुरू झाली, आणि पुढच्या वर्षीच्या अँड्रॉइड 11 पासून ती अधिक सक्तीची झाली. मी या व्यवस्थेचा पक्षधर आहे. माझी तक्रार एवढीच आहे की भिंती उभारताना कोणत्या खोलीत काय ठेवले आहे, हे त्या घरात राहणाऱ्याला सांगितले गेले नाही.

व्हॉट्सॲपमधली फाइल शोधण्याचा सोपा मार्ग फोल्डर धुंडाळण्याचा नाहीच. ज्याने फाइल पाठवली, त्याच्या संभाषणात वरच्या बाजूला त्याच्या नावावर बोट ठेवावे. तिथे मीडिया, लिंक आणि डॉक्युमेंट यांचा एक विभाग असतो, आणि त्यात त्या व्यक्तीशी देवाणघेवाण झालेली कागदपत्रे एकत्र मिळतात. पाठवणाराच आठवत नसेल, तर फाइल्स ॲपमधील ‘डॉक्युमेंट्स’ हा विभाग उघडावा. हा विभाग म्हणजे एखादा फोल्डर नव्हे, ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. फोनमध्ये ठिकठिकाणी विखुरलेल्या पीडीएफ आणि वर्डच्या फाइली तो एका ठिकाणी गोळा करून दाखवतो, मग त्या ब्राउझरमधून आलेल्या असोत की व्हॉट्सॲपवरून. त्यात तारखेनुसार क्रम लावून नवीन फाइली वर घेतल्या, की आजची फाइल पहिल्या काही ओळींतच असते. नाव आठवत नसेल, तर शोधाच्या चौकटीत नुसते ‘पीडीएफ’ असे इंग्रजीत लिहूनही पाहावे. मला विचाराल तर, ‘डाउनलोड’ फोल्डर कुठे आहे हे पाठ करण्यापेक्षा हा एक विभाग ओळखीचा करून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

आणखी एक गैरसमज ईमेलचा. जीमेलमध्ये आलेली जोडलेली फाइल उघडून वाचली, म्हणजे ती फोनमध्ये उतरली असे होत नाही. ते फक्त दर्शन असते. खाली जाणाऱ्या बाणाच्या चिन्हावर बोट ठेवल्यावरच ती साठवली जाते. ऐनवेळी, जिथे इंटरनेट मिळत नाही अशा ठिकाणी हा फरक उघडकीस येतो, आणि तेव्हा काही करण्यासारखे उरलेले नसते. महत्त्वाचा कागद घेऊन बाहेर पडण्याआधी फोन क्षणभर ‘एअरप्लेन मोड’वर टाकून तो फाइल्स ॲपमधून उघडतो का, हे तपासावे. यूट्यूबसारख्या सेवांमध्ये ‘डाउनलोड’ केलेले व्हिडिओ मात्र कोणत्याच फोल्डरमध्ये साध्या फाइलच्या रूपात सापडणार नाहीत, कारण ते त्या ॲपमध्येच पाहण्यासाठी असतात. त्यांचा शोध घेण्यात वेळ घालवू नये.

फाइल सापडत नाही म्हणून लोक काय करतात, हे जास्त काळजीचे आहे. कोणी तरी सुचवलेले, हरवलेल्या फाइली शोधून देण्याचे आश्वासन देणारे एखादे अनोळखी ॲप ते उतरवतात, आणि ते मागेल ती परवानगी देऊन टाकतात. ‘सर्व फाइलींना प्रवेश’ ही परवानगी अँड्रॉइड वेगळ्या पडद्यावर, मुद्दाम विचारून घेते, ते उगीच नाही. ती दिल्यावर आपली ओळखपत्रे, बँकेची विवरणपत्रे आणि कुटुंबाचे फोटो त्या ॲपसमोर उघडे पडतात. जे काम फोनमध्ये आधीच असलेले ॲप करते, त्यासाठी परक्याला घरात घेण्याचे काही कारण नाही. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ‘एपीके’ असा शेवट असलेली एखादी फाइल दिसली आणि ती आपण जाणूनबुजून घेतलेली नसेल, तर तिचे नाव पावतीसारखे असो की निमंत्रणपत्रिकेसारखे, ती उघडू नये. तो कागद नसतो. ते फोनमध्ये बसवले जाणारे ॲप असते.

सापडलेल्या फाइलीला तिथेच सोडून देण्याची सवयही बदलायला हवी. कामाची फाइल हाती आली की तिला कळेल असे नाव द्यावे आणि आपण केलेल्या एखाद्या फोल्डरमध्ये हलवावी. कंसातल्या आकड्यांच्या जादा प्रती काढून टाकाव्यात. गूगलच्या फाइल्स ॲपमध्ये कचरापेटीत टाकलेली फाइल 30 दिवस परत आणता येते, त्यामुळे साफसफाईची फार धास्ती बाळगायला नको. दुसऱ्याच्या फोनवर आपले विवरणपत्र उतरवले असेल, तर ती फाइल कचरापेटीतूनही काढायला विसरू नये.

हे सगळे वाचकांनी शिकून घ्यावे असे मला मनापासून वाटते, पण सगळा भार त्यांच्यावर टाकणे न्यायाचे नाही. सूचना नाहीशी झाल्यावरही, नुकतीच उतरलेली फाइल कोणत्या ठिकाणी आहे हे सांगणारी एक ओळ निदान दिवसभर तरी डोळ्यांसमोर राहावी, हे फोन बनवणाऱ्यांना अशक्य नाही. फाइल्सचे चिन्ह फोन नवा असतानाच पहिल्या पडद्यावर, फोन आणि कॅमेरा यांच्या रांगेत असावे. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवताना क्रोम तशी सूचना देते आणि विचारते, पण ‘ती आधीची फाइल उघडू का?’ हा प्रश्न त्याहून मोठ्या अक्षरांत यायला हवा, कारण त्या क्षणी माणसाला दुसरी प्रत नको असते, पहिलीच हवी असते. आणि व्हॉट्सॲपसारख्या संदेश ॲपमध्ये कागदपत्र उघडल्यावर ते ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये ठेवण्याचे बटण, मेनूच्या आत न शिरता, तिथल्या तिथे दिसले पाहिजे.

आपल्या वृत्तपत्रातून नव्या फोनची किंमत, कॅमेरा आणि वेग यांची परीक्षणे प्रसिद्ध होत असतात. त्या परीक्षणांत यापुढे एवढे एक जरूर तपासावे, अशी माझी विनंती आहे: नवा फोन हाती घेतलेल्या, कोणीही काहीही न शिकवलेल्या माणसाला, नुकतीच उतरवलेली पीडीएफ किती वेळा बोट ठेवल्यावर सापडते. तो आकडा किमतीच्या शेजारी छापला, तर पुढचा फोन निवडताना मी आधी तोच पाहीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक