स्ट्रॉबेरीची कुंडी घरात घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं बागकामाचं पान मी इथे, कॅनडातल्या एडमंटनमध्ये, ई-पेपरवर न चुकता वाचते. गेल्या आठवड्यात त्यात परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना होती, की स्ट्रॉबेरी लावली असेल तर बर्फ पडायच्या आधी कुंडी घरात उबेला आणून ठेवा. हा सल्ला कृपया दुरुस्त करावा, आणि तो ऑक्टोबर संपायच्या आत. तसं करून माझं एक अख्खं वर्ष फुकट गेलं आहे.

माझं माहेर भिलारचं. गादीवाफे, मल्चिंग पेपर, पहाटेचा तोडा, हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. पण आमच्या रानात स्ट्रॉबेरीचं रोप एका हंगामाचं. महाबळेश्वरच्या पावसापुढे ते तग धरत नाही, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा नव्या रोपांची लावण. हे रोप एकाच जागी तीन-चार वर्षं फळ देऊ शकतं आणि हिवाळाभर त्याला गाढ झोप लागते, हे मला इथे येईपर्यंत माहीतच नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या कुंड्या बाहेर डेकवरच राहिल्या. जमिनीत गारठा वरून शिरतो, कुंडीला तो चारी बाजूंनी लागतो. मे महिन्यात कुंड्या उपड्या केल्या तर मुळं काळी आणि लिबलिबीत. दुसऱ्या वर्षी मी आपल्या पानात सांगितलंय तेच केलं. सहा कुंड्या दिवाणखान्यातल्या खिडकीत. जानेवारीतही पानं हिरवीगार होती, मी आईला फोटो पाठवत होते. जूनमध्ये सहा रोपांना मिळून चार फुलं आली.

कारण शेजारच्या युक्रेनी आजींनी समजावलं. जुलैत एकदाच भरभरून फळणाऱ्या जातींमध्ये फुलांच्या कळ्या आदल्या शरद ऋतूतच धरतात, दिवस लहान होऊ लागले की. मुळांच्या वर आणि पानांच्या खाली जो बुटका जाड भाग असतो, ज्याला क्राऊन म्हणतात, त्याच्या पोटात त्या हिवाळा काढतात. या रोपाला थंडीची विश्रांती लागतेच. ऊबदार खोलीत ते झोपत नाही, नुसतं पानांवर झिजत राहतं. मात्र क्राऊनचं तापमान उणे १० अंशांच्या आसपास उतरलं तर कळ्या मरतात, कधी रोपही. म्हणजे थंडी हवी, पण पांघरुणाखालची.

ते पांघरूण गव्हाच्या काडाचं. १० ते १५ सेंटिमीटरचा सैल थर. झाडांची गळलेली पानं घालू नयेत. ती भिजून चपटी बसतात आणि खालचं रोप गुदमरतं. घाईही नको. दोन-चार कडक दहिवरं (रात्रीत गोठलेलं दव) पडू द्यावीत, स्ट्रॉबेरीची पानं लालसर होऊन जमिनीला टेकली की मगच काड पसरावं. लवकर झाकलं तर रोप कुजतं. मग वर बर्फ पडला की पडू द्यावा. तो शत्रू नाही, दुसरी रजई आहे. गेल्या जानेवारीत मी काडाखाली थर्मामीटर सरकवून ठेवला होता. अंगणात उणे ३१, काडाखाली उणे ४. त्या दिवसापासून मी वाफ्यावरचा बर्फ उपसत नाही, उलट पायवाटेवरचा उचलून तिथेच टाकते.

ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी कुंडी हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये, भिंतीला लावून ठेवावी. महिन्यातून एकदा ओंजळभर बर्फ मातीवर टाकला की पाणी पुरतं.

वसंतात काडाखाली फिकट पिवळी पालवी दिसली की ते बाजूला सारायचं, पण फेकायचं नाही. इथे मे संपता संपताही दहिवर पडतं आणि उमललेल्या फुलाचा मधला पिवळा भाग एका रात्रीत काळा पडतो. त्या फुलाला फळ धरत नाही. मी अशा रात्री वाफ्यावर आईची जुनी सुती साडी अंथरते. अजून तरी तिने दगा दिलेला नाही.

आता माझ्याकडे केंट जातीची २४ रोपं आहेत. नोव्हा स्कोशियातल्या केंटव्हिलच्या संशोधन केंद्रात तयार झालेली ही जात. फळ महाबळेश्वरच्या फळाइतकं टणक नसतं, दोन दिवसांच्या वर टिकत नाही, पण जूनमधल्या १७ तासांच्या दिवसांत वाढलेल्या त्या रोपांना जुलैत जी गोडी येते ती मी भिलारलाही चाखली नव्हती. माहेरच्यांना हे आवडणार नाही, तरी लिहिते.

इथल्या नदीकाठच्या रानात नखाएवढी जंगली स्ट्रॉबेरी आपोआप उगवते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये तिच्याच जातीचा संकर चिली देशातल्या मोठ्या फळाच्या जातीशी झाला आणि त्यातून आजची शेतातली स्ट्रॉबेरी आली. भिलारच्या रानातल्या रोपांचं अर्धं गोत्र बर्फाखाली झोपणाऱ्यांचं आहे, हे मला या वाफ्यामुळे कळलं.

काडाचे दोन भारे आणून ठेवले आहेत. दहिवर अजून पडायचं आहे, तेव्हा पत्र वेळेत छापावं ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एडमंटन, कॅनडा (मूळ भिलार, जि. सातारा)