चि. निनादला

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन आपटलास तेव्हापासून लिहीन म्हणते. गाडीचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसले आहे.

रिपोर्ट पुन्हा वाचला. कोरॉइडेरेमिया, हळूहळू नजर नेणारा डोळ्यांचा आजार. सीएचएम जनुकातला बिघाड, एक्स गुणसूत्रावरचा, म्हणजे माझ्याकडून आलेला. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते, यात आईचा दोष नसतो, असं डॉक्टर म्हणाल्या. डोक्याला पटतं.

लहानपणी दिवे गेले की बाकीची मुलं ओरडत धावायची. तू जागच्या जागी थांबायचास, तळहात भिंतीला टेकवून. हाक नाही, रडणं नाही, नुसता माझ्या पावलांचा कानोसा. सगळे तुला भित्रा म्हणायचे. मामाचंही तसंच होतं.

मामा पन्नाशीपर्यंत पेपर वाचायचा, पण शेजारी येऊन उभं राहिलेलं माणूस त्याला दिसायचं नाही. मला भीती त्याचीच वाटते. समोरची पाटी स्वच्छ दिसते, म्हणून तुला वाटतं सगळंच दिसतंय. कडेची नजर जाते तिथे काळोख दिसत नसतो रे, तिथे काहीच नसतं. बाजूने येणारी सायकल नसतेच, एकदम पुढ्यात उगवते. आणि रात्री तर... आलेच बघ गाडीवर.

दृष्टिक्षेत्राची तपासणी चुकवू नकोस. ऑफिसात सांगून टाक, लपवू नकोस. काठी वापरायची वेळ आली तर लाजू नकोस. रागावू नकोस, लिहिता लिहिता शिकवायलाच लागते मी.

खरं तर शिकवलंस तू मला. 2011 मध्ये ऑक्सफर्डला पहिल्यांदा रुग्णाच्या दृष्टिपटलाखाली चांगलं जनुक सोडलं, पुढे मोठ्या चाचणीत हवा तसा निकाल आला नाही, मान्यता मिळालेला उपचार अजून नाही, हे सगळं तू मला न अडखळता सांगितलंस. ताईला कागदावर एक्स-वाय काढून दाखवलेस. तुझे मुलगे यातून मोकळे, मुली मात्र सगळ्या वाहक, हे सांगतानाही तुझा हात स्थिर होता. मला ते बघवत नव्हतं आणि तुझ्यावरून नजरही हलत नव्हती.

ताईची तपासणी गुरुवारी आहे. तिला तू सोबत हवा आहेस. ये. बसने ये. आणि गाडीने यायचंच असेल तर उजेड असताना नीघ, एवढं माझं ऐक.

तुझी,
आई